डॉक्टर खांबेटे आणि त्यांचा विलायती जावई

डॉक्टर खांबेटे यांच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा ते खिडकीशी पाठमोरे उभे राहून कुणाला तरी दटावत होते. "नवं पान वाढलंय, आता गुमान जेवा. साहेबी नखरे इथं चालायचे नाहीत." खोलीत दुसरं कोणी दिसेना, म्हणून मी खाकरलो. डॉक्टर वळले. त्यांच्या एका हातात काचेची नळी होती, दुसऱ्या हातात प्लॅटिनमची तार, आणि तारेचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर लाल होत होतं.

"कोण, सामंत ना? या. बसू मात्र नका. आमच्या जावईबापूंचं जेवण चाललंय."

जावईबापू म्हणजे विषमज्वराचा जंतू. खांबेटे त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारत नसत. तो विलायतेहून आलेला, त्याची बडदास्त ठेवावी लागे, तो स्वतः काही काम करत नसे आणि त्याच्यावाचून घरातलं एकही कार्य पार पडत नसे. जावई म्हणायला याहून काय लागतं, असं ते विचारत.

ही मिठाच्या सत्याग्रहाआधीची दोन-चार वर्षं. रत्नागिरीतली ती प्रयोगशाळा मुंबईच्या एका परोपकारी शेटच्या देणगीतून उभी राहिली होती. दारावर शेटचं, त्यांच्या वडिलांचं आणि उद्घाटनाला आलेल्या साहेबाचं नाव कोरलेली पाटी होती. इमारत आमच्या जांभ्याची आणि पाटी मात्र परदेशी संगमरवराची. पाटीच्या खर्चात आणखी एक खोली झाली असती, हे डॉक्टर प्रत्येक पाहुण्याला, आणि एकदा खुद्द शेटच्या भाच्यालाही, सांगून मोकळे झाले होते. आत दोन खोल्या, रॉकेलच्या दिव्यावर ऊब धरणारी एक पेटी, एक सूक्ष्मदर्शक आणि आम्ही दोघे, डॉक्टर आणि त्यांचा सहायक म्हणजे मी. वीज नव्हती. बर्फ मागवला तर तो मुंबईहून बोटीने निघे आणि इथं पाण्याच्या रूपाने पोचे.

विहिरींचं पाणी तपासणं, थुंकी तपासणं ही कामं होतीच. पण डॉक्टरांचा जीव होता तो फिनेलच्या परीक्षेत. गटारांत, संडासांत, बंदराच्या धक्क्यावर ओतायला तेव्हा नाना तऱ्हेची फिनेलं बाजारात आली होती आणि प्रत्येक बाटलीवर 'जंतूंचा काळ' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असे. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "सामंत, एक पैलवान म्हणतो मी बैल लोळवला. दुसरा म्हणतो मीही लोळवला. एकाचा बैल तरणाबांड, दुसऱ्याचा देवाघरी निघालेला. थोर कोण, कसं ठरवाल?"

"दोघांपुढे एकच बैल सोडायचा," मी म्हणालो.

"शाबास. हा तो बैल." त्यांनी नळी उजेडात धरली. आतल्या तिरक्या आगरावर, म्हणजे जंतूंसाठी थिजवलेल्या खळीसारख्या खाद्यावर, ओलसर, करडा थर होता.

विषमज्वराचे जंतू रोग्यागणिक निराळे. कुणी चिवट, कुणी लेचापेचा. म्हणून विलायतेत कधीकाळी एकाच रोग्याच्या अंगातून काढलेला जंतू परीक्षेसाठी ठरवून टाकला होता, आणि त्याचाच वंश या नळीतून त्या नळीत, या देशातून त्या देशात चालवत आणला होता. तिथं जो बैल, तोच रत्नागिरीत. शिवाय पैलवानही एक ठरलेला होता, तो म्हणजे कार्बोलिक ॲसिड. परीक्षेच्या दिवशी टेबलावर दोन रांगा लागत, एक कार्बोलिकची आणि एक फिनेलची. दोन्हींत तोच जंतू सोडायचा, ठराविक वेळाने तारेने थेंब उचलून पौष्टिक रश्शाच्या नळीत टाकायचा आणि त्या नळ्या उबेच्या पेटीत ठेवायच्या. रस्सा गढूळ झाला तर जंतू जिवंत, नितळ राहिला तर मेला. कार्बोलिकपेक्षा फिनेल किती पातळ करूनही जंतू मरतो, ते पाहून फिनेलची किंमत ठरे.

"कार्बोलिक शेजारी नसेल तर फिनेलला तोंड उघडायचा अधिकार नाही," डॉक्टर म्हणत. "माझ्या अनुभवावर विश्वास ठेवू नका. माझ्या पदवीवर तर मुळीच ठेवू नका. शेजारची रांग बघा." कार्बोलिकची रांग ते नेहमी स्वतः लावत आणि फिनेलची माझ्याकडे देत. मला तो वडीलधाऱ्याचा मान वाटे.

दिसायला माणूस किरकोळ होता. बंद गळ्याचा कोट, धोतर, काळी टोपी आणि गालात सदैव एक लवंग. कुणी मोठेपणाच्या गोष्टी सांगू लागला की ते चष्मा कपाळावर चढवत. त्याचा अर्थ, आता मला तुम्ही दिसत नाही. शेजारच्या आगरातले बापूकाका नारळांचे हिशेब आटोपले की गप्पांना येऊन बसत. एकदा ते आपल्या घराण्याचा इतिहास सांगत होते. मूळ पुरुषाने पेशव्यांच्या फौजेला कशी रसद पुरवली, वगैरे. डॉक्टरांचा चष्मा कपाळावर गेला.

"पुरावा?"

"पुरावा कसला डॉक्टर? अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"आमच्या जावयाची प्रत्येक पिढी कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेली आहे. तुमच्या मूळ पुरुषाचं तसं आहे का?"

"जंतूशी बरोबरी करता होय हो आमची?"

"छे, छे. त्याला राग येईल."

गावात एक रावसाहेब होते. प्रत्येक कमिटीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत जाई, कारण ते दारातच खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांच्या ओळखीच्या एका एजंटाने कुठल्याशा परदेशी कंपनीचं सुवासिक फिनेल आणलं. रावसाहेब स्वतः बाटली घेऊन प्रयोगशाळेत आले, बूच काढून डॉक्टरांच्या नाकाशी धरलं आणि म्हणाले, "बघा. गटारं कशी बागेसारखी होतील." परीक्षा झाली. कार्बोलिकच्या रांगेत जंतू शिस्तीत मेले. सुवासिक रांगेतल्या सगळ्या नळ्या ताकासारख्या गढूळ झाल्या. रावसाहेब निकाल विचारायला आले तेव्हा डॉक्टर इतकंच म्हणाले, "वास उत्तम आहे. जंतूंनाही फार आवडला." रावसाहेब दोन महिने प्रयोगशाळेची पायरी चढले नाहीत. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं की मला आयुष्यात एक तरी ताठ माणूस भेटला. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. फक्त ते कुठल्या दिवसापर्यंत खरं होतं, हे मला ठाऊक आहे.

जावईबापूंचा खरा शत्रू म्हणजे कोकणचा उन्हाळा. नळ्या गार ठेवायच्या तर बर्फ नाही. डॉक्टरांनी आपल्या आईचा उपाय काढला. आमच्याकडे लोणी टिकवायला भांडं विहिरीत सोडतात. प्रयोगशाळेच्या मागे एक जुनी, वापरात नसलेली विहीर होती. नळ्यांना मेण लावून त्या पितळी डब्यात भरायच्या, डब्याचं झाकण लाखेने बंद करायचं आणि डबा दोरीने पाण्यात अर्धा बुडेल इतका सोडायचा.

ती दोरी बापूकाकांच्या नजरेस पडली. एका दुपारी ते डबा हातात घेऊन, डोळे मिचकावत आत आले. "काय डॉक्टर, एकट्यानेच घेता होय? शेजाऱ्याला कधी विचारायचं नाही?"

डॉक्टरांनी शांतपणे डबा त्यांच्या हातातून घेतला. "विचारलं असतं हो. पण आधी मृत्युपत्र तरी करा. आत विषमज्वर आहे."

बापूकाकांनी त्या दुपारी आमच्याकडची कार्बोलिकची अर्धी बाटली हातांवर संपवली. पुढे बरेच दिवस ते प्रयोगशाळेत आले की हात मागे बांधून उभे राहत.

असे दोन-तीन उन्हाळे निभावले. मग मुंबईहून आरोग्य खात्याचा एक बडा साहेब पाहणीला आला. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांतसुद्धा हा वंश मरतो आणि पुन्हा मागवावा लागतो, आणि इथं बर्फावाचून तो जिवंत आहे, हे पाहून तो चकित झाला. "बरं काम आहे," असं काहीसं म्हणाला. मी तिथं होतो. डॉक्टरांनी ते मला संध्याकाळी पुन्हा सांगितलं तेव्हा साहेब "फार चांगलं काम" म्हणाला होता. बापूकाकांना सांगताना त्याने हात पुढे केला होता. वाचनालयातल्या व्याख्यानात ही हकीकत आली तेव्हा साहेबाने टोपी काढली. मी श्रोत्यांत बसून हसलो. इतक्या ताठ माणसाला एवढी एक हौस असायला हरकत नाही, असं मला वाटलं. चष्मा त्या दिवशी नाकावरच होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी कामाच्या शिक्षणासाठी मुंबईला गेलो, आणि डॉक्टर कुसुमच्या, म्हणजे मुलीच्या, लग्नासाठी त्यांच्या गावी आंजर्ल्याला. आम्ही दोघेही परतलो. काम पूर्ववत सुरू झालं. ठराविक दिवशी जावईबापूंना नवं पान वाढलं जाई. फक्त डबा आता विहिरीत सोडत नसत. "दोरी कुजली," डॉक्टर म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला दुसरी दोरी मिळू नये, हे माझ्या मनात आलं नाही.

त्याच हिवाळ्यात महादू शिगवण आला. मंडणगडकडचा कुणबी. मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात बरीच वर्षं डांबराच्या टाक्यांवर राबला होता. तिथं फिनेल करण्याची कृती शिकला, नोकरी सोडली, धाकट्या भावालाही सोडायला लावली आणि बंदराजवळ एक खोपी घेऊन दोघांनी स्वतःचं फिनेल काढलं. नाव 'विजय'. लेबलावर गरुड नागाला मारतोय असं चित्र. शिगवणचा आवाज खोपीतून धक्क्यापर्यंत ऐकू जाई आणि नम्रता हा शब्द त्याच्या बोलीत नव्हता.

"दाक्तर, विलायतेचा फिनेल माज्या फिनेलापुढं पानी हाय पानी! तुमचा जंतू आना, माज्यासमोर मारतो."

"मारायचं काम आमचं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घरी बसा."

गावच्या आरोग्य कमिटीला परदेशी फिनेलऐवजी गावातलं घ्यायचं होतं. स्वदेशीची हवा होती, रावसाहेबही खादीची टोपी शिवून बसले होते. अट एकच, डॉक्टर खांबेटे यांचा दाखला. कमिटी आजवर घेत आलेलं परदेशी फिनेल आपला विलायती दाखला घेऊनच येई, त्यामुळे त्याची इथं परीक्षा होत नसे. 'विजय'ची झाली. माझ्या रांगेतल्या झाडून साऱ्या नळ्या गढूळ. मी कार्बोलिकच्या निकालाबद्दल विचारलं. "नेहमीचाच," डॉक्टर म्हणाले आणि दाखला नाकारला.

शिगवण निकाल घ्यायला आला तेव्हा प्रथमच हळू बोलला. "पुन्ना येकदा बगा की, दाक्तर."

"जंतू खोटं बोलत नाही, शिगवण."

बाजारात लोकांनी त्याची टर उडवली. गरुडाला नागच चावला म्हणाले. धाकट्या भावाने पुन्हा मुंबईची बोट धरली. खोपीला कुलूप लागलं आणि शिगवण मंडणगडला निघून गेला. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून नळी नितळ होत नाही, हेही डॉक्टरांनीच शिकवलेलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी मी डॉक्टरांच्या घरी गेलो होतो. वहिनी माजघरात वैतागलेल्या. "सामंतभावोजी, जाताना बायकोला सांगा, वाटीभर विरजण पाठवून दे म्हणावं. आमचं दही बिघडलं. तार सुटायला लागली मेल्याला."

"वहिनी, डॉक्टरांच्या जावयासारखी तुमच्या विरजणाचीही वंशावळ ठेवायला हवी होती," मी थट्टेने म्हणालो.

"त्याची कुठली राहिलीय वंशावळ? कुसुमच्या लग्नात मेला की तो."

"कोण मेला?"

"अहो, तोच तुमचा विलायती जावई! खरा जावई आणायला आम्ही गेलो आंजर्ल्याला, आणि हा इथं गेला. ह्यांनी डबा सोडला तेव्हा विहिरीला पाणी होतं. परत येऊन बघतात तर पाणी पार तळाला, आणि डबा आपला वरच्या वर हवेत लोंबतोय. तापून मेण वितळलेलं, नळ्या वाळून नुसती खपली. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, विरजण बिघडलं तर माणसं शेजारून आणतात, त्याचं सुतक कसलं पाळायचं? मग गेले दवाखान्यात आणि आणला कुणा तापकऱ्याच्या रक्तातून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला बोलले नाहीत?"

जांभ्याची विहीर वैशाखात कुठवर उतरते हे कोकणात लहान पोरालाही कळतं. डॉक्टरांना ते कळत नव्हतं असं नाही. दोरी बांधताना डोक्यात मुलीचं लग्न होतं. ती चूक कुणाच्याही हातून झाली असती. मुंबईला चार ओळी लिहून नवी नळी मागवली असती की विषय संपला असता. पण त्या ओळी लिहायच्या कुणाला, तर ज्याने टोपी काढली होती त्या साहेबाला.

मी तडक प्रयोगशाळेत गेलो. डॉक्टर तार तापवत होते.

"डॉक्टर, शिगवणच्या परीक्षेत कार्बोलिकने जंतू मेला होता का?"

त्यांनी दिव्यावरून तार काढली नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. "घरी गेला होतात वाटतं."

"मेला होता का?"

"नाही." मग एखाद्या वांड भाच्याबद्दल बोलावं तसे म्हणाले, "राक्षस आहे हो तो. कार्बोलिकलाही दाद देत नाही."

"मग तुम्ही 'नेहमीचाच' म्हणालात ते?"

"जुना आकडा धरला."

म्हणजे गोष्ट अशी होती. फिनेलपुढे तरणा बैल सोडला, आणि कार्बोलिकच्या नावावर जुन्या, मवाळ बैलाचा निकाल लिहिला. त्यात शिगवण हरणारच होता. त्याच्या जागी कुणीही हरलं असतं.

"त्या माणसाचा धंदा बुडाला, डॉक्टर."

त्यांनी दिवा विझवला. मग तार खाली ठेवली आणि म्हणाले, "खरं आहे. मुंबईला लिहितो, नवी नळी मागवतो. परीक्षा पुन्हा करू. कमिटीपुढे मी स्वतः बोलेन."

खोटं का सांगू, त्या संध्याकाळी ते मला पूर्वीपेक्षा मोठे वाटले. चूक कबूल करणारा मोठा माणूस मी तोवर फक्त शाळेच्या नीतिपाठात पाहिला होता.

नवी नळी बोटीने आली, भुशात घट्ट बसवलेली. दोन्ही रांगा आम्ही एकाच टेबलावर, एकमेकांच्या डोळ्यांदेखत लावल्या. या वेळी कार्बोलिकने आपलं काम चोख केलं आणि 'विजय'नेही. शिगवण ओरडून सांगत होता तितकं काही ते जालीम नव्हतं, पण दाखल्याच्या अटीत आरामात बसत होतं. मी शिगवणला निरोप धाडला. तो मंडणगडहून धापा टाकत आला आणि कमिटीच्या सभेला भिंतीशी उभा राहिला.

सभेला जाताना वाटेत डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. चूक प्रयोगशाळेची आहे, जबाबदारी माझी. मी बघतो."

रावसाहेब अध्यक्ष होते. डॉक्टर उठले. आवाज नेहमीचाच, स्वच्छ.

"आमच्या प्रयोगशाळेकडून एक चूक झाली. शिगवण यांच्या फिनेलच्या परीक्षेत कामाची घाई झाली आणि निकाल चुकला. मी स्वतः पुन्हा परीक्षा घेतली. फिनेल उत्तम आहे. आता घाई कुणाच्या हातून झाली, ते सांगून मी कुणा होतकरू माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावणार नाही. प्रमुख मी आहे. दोष माझा समजा."

प्रयोगशाळेत माणसं दोन. त्यातला एक बोलत होता. सभेतल्या सगळ्या माना दुसऱ्याकडे वळल्या.

रावसाहेब खुर्चीतून उठले. असा मनाचा मोठेपणा आपण आपल्या सार्वजनिक आयुष्यात पाहिला नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांचं सार्वजनिक आयुष्य बरंच लांब होतं. सुवासिक फिनेलचा राग त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिला. बापूकाका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "नशीबवान आहेस बाबा. दुसरा असता तर नोकरी गेली असती."

मी उठून बोलायला हवं होतं असं वाचकाला वाटेल. मी उठलोही. "एक मिनिट," म्हणालो. त्यावर डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, सभेकडे पाहून प्रेमाने मान हलवली आणि म्हणाले, "बसा, सामंत. झालं गेलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांत माणूस उभा राहिला तर तो आभार मानायलाच उभा आहे असं दिसतं.

बाहेर रस्त्यावर मी त्यांना गाठलं. "हे काय केलंत तुम्ही?"

"मी तुमचं नाव घेतलं का?"

"घ्यायची गरजच नव्हती."

"मग झालं तर." त्यांनी गालातली लवंग फिरवली. "सामंत, तुम्ही तरुण आहात. तुम्ही चुकलात तर लोक म्हणतील, शिकेल. मी चुकलो तर लोक म्हणतील, ही प्रयोगशाळा काय कामाची? उद्या हिला कुलूप लागेल आणि शेटचा भाचा त्या पाटीखाली विडीचं दुकान काढेल. शिगवणला न्याय मिळाला ना? तुम्हाला तेच हवं होतं."

मला तेच हवं होतं. आजही त्यांचं ते बोलणं मी कधी कधी उलटंसुलटं करून बघतो. त्यात सगळं बरोबर आहे, आणि मला त्यातून बाहेर यायला वाट नाही.

चार दिवसांनी शिगवण माझ्या घरी आला. खांद्यावर हा एवढा फणस. ओट्यावर तो ठेवून म्हणाला, "सामंतानू, मी काय मनात ठेवलं नाय. मानूस हाय, चुकतो. तुमची पोरंबाळं हायत."

मग मात्र मला राहवलं नाही. त्याला खाली बसवून मी सगळं सांगितलं. विहीर, डबा, तापकऱ्याचा जंतू, कार्बोलिकची रांग, सगळं. त्याने ऐकून घेतलं. हळूहळू त्याचा चेहरा कठोर होत गेला.

"दाक्तरांनी चारचौगांत तुमचं नावसुद्दा नाय घेतलं," तो म्हणाला. "आनि तुमी त्यांच्या पाठीमागं त्यांचं घेता?"

उठला आणि निघून गेला. फणस तेवढा राहिला. बायकोने विचारलं, "कापू का?" मी म्हटलं, "शेजारी देऊन टाक."

'विजय' चांगलं चाललं. धाकटा भाऊ परत आला. पुढे खेडपर्यंत त्यांचे डबे जाऊ लागले, आणि शिगवण प्रत्येक गिऱ्हाइकाला डॉक्टर खांबेट्यांच्या मोठेपणाची गोष्ट सांगे. तीत मीही असे, बिननावाचा, घाईच्या हाताचा एक माणूस. गोष्ट माझ्याआधी गावोगाव पोचलेली असे. पाण्याची बाटली घेऊन येणारी माणसं ती माझ्या हातात द्यायची आणि हळूच विचारायची, "डॉक्टर स्वतः बघणार ना?"

मी नोकरी सोडली नाही. तसली दुसरी नोकरी कोकणात नव्हती. डॉक्टर माझ्याशी पूर्वीसारखेच वागत, उलट जरा अधिक मायेने. कार्बोलिकची रांगही त्यांनी माझ्याकडे सोपवली. त्यांनी शिकवलेलं सगळं मी त्यांच्याहून काटेकोरपणे करत गेलो, आणि ते कौतुकाने बघत राहिले. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत असे. वहिनींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या सणावाराला पान मांडून बोलवत आणि मी जाऊन जेवत असे.

निवृत्त झाल्यावर डॉक्टर मुंबईला कुसुमकडे राहायला निघाले. त्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी! रावसाहेब, बापूकाका, शिगवण बंधू, कमिटीची सगळी मंडळी. बोट दूर समुद्रात उभी होती. माणसांना तिच्यापर्यंत न्यायला पडाव लागले होते. आमच्याकडे नवे आलेले डॉक्टर माझ्याशेजारी उभे होते, कोवळा, कॉलेजातून नुकताच सुटलेला माणूस. खांबेट्यांनी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं. मी दोन पावलांवर होतो. त्यांनी आवाजही खाली केला नाही, कारण लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटत नव्हतं.

"सामंतांना सांभाळून घ्या," ते म्हणाले. "सोन्यासारखा माणूस आहे. हात तेवढा घाईचा. मागे एकदा एका गरिबाचा धंदा बुडायची वेळ आली होती. मी निभावून नेलं. तेव्हापासून सुधारलेत, पण लक्ष असू द्या."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं माझी समजूत होती की आमच्या दोघांत एक गोष्ट आहे. ती बोलायची नाही, पण दोघांनाही माहीत आहे. त्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. ते खरोखरीच माझी काळजी करत होते.

पडाव सुटला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर मधल्या फळीवर छत्री उघडून बसले होते. थोडं पाणी मध्ये आल्यावर ते वळले, गर्दीत मला शोधलं आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "सामंत, घाई करू नका हो!"

धक्क्यावरची माणसं हसली. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. शिगवणने डोळे पुसले. डॉक्टर उत्तराची वाट बघत तसेच माझ्याकडे तोंड करून बसलेले दिसत होते, पडाव लाटेवर वर जाई तेव्हा दिसत, खाली जाई तेव्हा नुसती छत्री.

मी हात वर केला.